सांगून बिघडणारी गाडी, न सांगता बिघडणारी गाडी: मोठ्या सेडानच्या खरेदीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या मावसभावाच्या घरचं. नावं काढून टाकलीत, आणि ज्या गाड्या आम्ही प्रत्यक्ष बघितल्या त्यांचीही नावं मुद्दाम लिहीत नाहीये, कारण एका गाडीत आलेल्या अनुभवावरून अख्ख्या कंपनीला बोल लावण्यात अर्थ नसतो. घरात पाच माणसं. दादा, वहिनी, सोळा वर्षांचा ताडमाड वाढलेला मुलगा, त्याची धाकटी बहीण आणि मावशी. मावशींचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं, गुडघे गेलेत, फोल्डिंग व्हीलचेअर सोबत न्यावीच लागते. आधीची गाडी बारा वर्षांची छोटी हॅचबॅक, त्यात व्हीलचेअर ठेवली की मागे एक जण कमी बसायचा, म्हणजे मुलगा आला की मुलगी घरी किंवा उलट. २०२३ मध्ये दादाने ठरवलं की आता मोठी गाडी घ्यायची, आणि मला फोन आला, कारण आमच्या घरात गाडीचं काही निघालं की माझं डोकं खायचं असा नियमच आहे.

एसयूव्ही का नाही हे आधी सांगतो म्हणजे कोणी विचारायला नको. दोन एसयूव्हींमध्ये मावशींना बसवून बघितलं, पाय वर चढेना. मावशी घरात ज्या खुर्चीवरून न धरता उठतात ती मी मोजली, ४६ सेंटीमीटर. मोठ्या सेडानची मागची सीट जमिनीपासून जवळपास ५० निघाली, म्हणजे पार्श्वभाग आधी टेकवायचा आणि मग पाय आत घ्यायचे, हे त्यांना जमत होतं. तिथेच सेडान ठरली.

अडचण नेमकी काय होती

दादाच्या डोक्यात प्रश्न साधा होता, ‘पैसे वसूल होतील अशी आणि भरवशाची गाडी कुठली?’ मीही सुरुवातीला तसंच धरलं आणि उत्तर शोधायला लागलो, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, ‘‘भाऊजी, गॅरेजचं बिल मोठं आलं तर आपण रडत का होईना भरू. पण डायलिसिसच्या दिवशी सकाळी गाडी हललीच नाही तर काय करायचं ते सांगा.’’

इथे सगळं प्रकरण वळलं. आपण भरवसा म्हणतो त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केलेल्या असतात. एक म्हणजे गाडी किती खर्च काढते, आणि दुसरी म्हणजे ती बिघडण्याआधी सांगते का. सस्पेन्शनचे बुश गेले की खडखड येते, ब्रेक पॅड संपत आले की किंचाळतात, क्लच घसरायला लागला की चढावर कळतं. ह्या गोष्टी सांगून बिघडतात, तुम्ही पुढच्या आठवड्याची वेळ घेऊन जाऊ शकता. पण गिअरबॉक्सचं इलेक्ट्रॉनिक युनिट, फ्युएल पंप, एखादा सेन्सर, हे पुष्कळदा काल ठीक आणि आज बंद. ह्या घरासाठी दुसरा प्रकार जास्त महाग होता, बिल छोटं असलं तरी. मग आम्ही प्रत्येक पर्यायाला हाच प्रश्न लावायचा असं ठरवलं.

समोरचे पर्याय

किमती लिहून उपयोग नाही, प्रत्येक ठिकाणी वेगळ्या असतात, म्हणून बजेट १०० धरतो. चार पर्याय उरले होते. कोरी मध्यम आकाराची सेडान, पूर्ण १०० ला. तीन वर्षं वापरलेली मोठी साधी सेडान, हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्ही असलेली, ९० ला. सात वर्षांची लक्झरी सेडान, ८५ ला. आणि चार वर्षांची टर्बो इंजिन, ड्युअल क्लच (म्हणजे दोन क्लच आलटून पालटून वापरणाऱ्या ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सवाली, मागचं दार काचेसकट वर उघडणारी मोठी गाडी, ८० ला.

लक्झरीवर दादाचा जीव जडला होता. खोटं कशाला बोला, माझाही. चामड्याच्या सीट, दार बंद होतानाचा तो जड आवाज, आणि किंमत साध्या गाडीपेक्षा कमी! पण अशा गाडीची किंमत पडते, तिच्या स्पेअर पार्टची पडत नाही. नवीन असताना जे पार्ट त्या किमतीच्या गाडीला शोभायचे तेच पार्ट सात वर्षांनीही त्याच भावाने घ्यावे लागतात. त्यात ती एअर सस्पेन्शनवाली होती, म्हणजे स्प्रिंगऐवजी कॉम्प्रेसरने भरलेल्या हवेच्या पिशव्या. एअर सस्पेन्शन बिचारं सांगतं तरी, रात्रभर उभी राहिली की सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसते, पण तोवर कॉम्प्रेसर जास्त चालून चालून तोही मरणाच्या दारात असतो.

दादाने स्वतःच्या बाजूने एक मुद्दा काढला की शोरूमवाल्याने सांगितलंय गिअरबॉक्सचं ऑईल आयुष्यभराचं असतं, बदलायचा खर्चच नाही. हे ऐकून मला हसू आलं. बऱ्याच युरोपियन गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स झेडएफ कंपनी पुरवते, आणि ती कंपनी स्वतः सांगते की ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षं, जे आधी होईल तेव्हा ऑईल बदला. गाडी बनवणारा म्हणतो आयुष्यभर, गिअरबॉक्स बनवणारा म्हणतो बदला. मग आयुष्य कोणाचं धरायचं? पहिल्या मालकाचं, बहुतेक.

ड्युअल क्लचच्या बाबतीत मी आधी चुकलो हे कबूल करतो. मी सरसकट ‘नको’ म्हणून मोकळा झालो होतो, कारण डोक्यात फोक्सवॅगनचं प्रकरण होतं. त्यांच्या ७ गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजीवर (ड्युअल क्लचला त्यांनी दिलेलं नाव) चीनमध्ये २०१२ साली वॉरंटी वाढवून १० वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर करावी लागली आणि २०१३ मध्ये तिथे जवळपास ३,८४,००० गाड्या परत बोलवाव्या लागल्या. पण नीट बघितल्यावर लक्षात आलं की नाव डीएसजीच असलं तरी जास्त ताकदीच्या इंजिनांना ६ गिअरचा, तेलात बुडालेल्या क्लचचा वेगळाच बॉक्स येतो, त्याचं तेल ६०,००० किलोमीटरला बदललं की तो बऱ्यापैकी टिकतो. म्हणजे ‘ड्युअल क्लच वाईट’ हे वाक्यच अर्धवट आहे, कुठला ड्युअल क्लच ते विचारायला पाहिजे.

हीच गोष्ट नावाजलेल्या गाड्यांचीही. टोयोटाची कॅमरी म्हटलं की लोक डोळे मिटून घेतात, पण २००७ ते २००९ च्या कॅमरीतलं २.४ लिटरचं इंजिन ऑईल पितं म्हणून टोयोटालाच नंतर वाढीव कव्हर द्यावं लागलं, पिस्टनच्या रिंगांचा दोष होता. ह्युंदाईने सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत २०११ आणि २०१२ च्या सुमारे ४,७०,००० सोनाटा परत बोलवल्या, क्रँकशाफ्ट बनवताना राहिलेल्या धातूच्या कणांमुळे बेअरिंग जात होत्या. निसानने २००३ ते २०१० च्या मॉडेलांसाठी सीव्हीटीची (ठरावीक गिअर नसलेल्या, पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकची) वॉरंटी अमेरिकेत ५ वर्षं ६०,००० मैलांवरून थेट १० वर्षं १,२०,००० मैल केली. त्यामुळे ‘अमुक कंपनी भरवशाची’ असं कोणी म्हटलं की मी आता विचारतो, कुठल्या वर्षाची, कुठलं इंजिन, कुठला गिअरबॉक्स.

कागदावरचा हिशोब

आम्ही पाच वर्षं वापरायची असं धरलं आणि पाच वर्षांनी विकली तर किती येतील याचा अंदाज मांडला, आसपासच्या जुन्या गाड्या किती किमतीला लागल्यात ते बघून. हा आमचा अंदाज, कोणी शास्त्र समजू नये. कोरी गाडी १०० ची ४५, म्हणजे ५५ गेले. हायब्रिड ९० ची ४५, गेले ४५. लक्झरी ८५ ची फार तर २५, गेले ६०, आणि दुरुस्ती वेगळी. ड्युअल क्लचवाली ८० ची ३५, गेले ४५.

म्हणजे सगळ्यात आलिशान गाडी सगळ्यात महाग पडत होती आणि कोरी गाडी दुसऱ्या नंबरवर, कारण पहिल्या दोन-तीन वर्षांची घसरण आपणच सोसायची. दादा तो कागद बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, ‘‘तू ते २५ मुद्दाम कमी धरलेस.’’ मी म्हटलं ३० धर, वर दुरुस्ती मिळव, तरी नंबर बदलतो का बघ. नव्हता बदलत.

उरल्या दोन, हायब्रिड आणि ड्युअल क्लच, हिशोबात बरोबरीच्या. इथे वहिनींचा प्रश्न परत कामाला आला. आम्ही बघत होतो त्या प्रकारच्या हायब्रिडमध्ये नेहमीचा गिअरबॉक्सच नसतो, प्लॅनेटरी गिअर आणि दोन इलेक्ट्रिक मोटर असतात, क्लच नाही, टॉर्क कन्व्हर्टर नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. जे नाहीच ते बिघडणार कुठून. ब्रेकही जास्त टिकतात कारण बरंचसं थांबवण्याचं काम मोटर करते. मोटर चालवणाऱ्या मोठ्या बॅटरीची भीती सगळ्यांना होती, पण ती एका रात्रीत क्वचितच जाते, हळूहळू कमजोर होते, ॲव्हरेज पडतं, पंख्याचा आवाज वाढतो, म्हणजे सांगते. शिवाय कंपन्या त्यावर लांबची वॉरंटी देतात, टोयोटाने अमेरिकेत २०२० च्या मॉडेलपासून १० वर्षं किंवा १,५०,००० मैल केली. आम्ही बघत होतो त्या गाडीलाही वॉरंटीची बरीच वर्षं शिल्लक होती.

प्रत्यक्ष गाड्या बघताना

पहिली हायब्रिड दिसायला चकाचक. मी ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावला, एकही कोड नाही, दादा खूष. मग मी मॉनिटरचं पान उघडलं. गाडी स्वतःच्या प्रदूषण यंत्रणेच्या तपासण्या चालता चालता पूर्ण करत असते आणि पूर्ण झालेल्या तपासण्यांसमोर तशी खूण दिसते. कोणी स्कॅनरने कोड पुसला की ह्या तपासण्याही परत शून्यावर जातात, आणि सगळ्या पूर्ण व्हायला बरेच दिवस वेगवेगळ्या वेगाने गाडी चालवावी लागते. इथे चार अपूर्ण होत्या. चेक इंजिनचा दिवा विझवता येतो, हे लगेच भरून दाखवता येत नाही. मी विचारलं तर मालक म्हणाला नुकतीच १२ व्होल्टची बॅटरी बदलली. हे खरं असू शकतं, बॅटरी काढली की पुष्कळ गाड्यांत तसंच होतं. मी म्हटलं आठवडाभर चालवा, आम्ही परत येऊन बघतो. तो म्हणाला दुसरं गिऱ्हाईक उद्या येतंय. आम्ही निघालो. तो माणूस खोटं बोलत होता असं मी म्हणणार नाही, फक्त बॅटरीचं बिल दाखवा असं म्हणायचं मला तेव्हा सुचलं नाही, आणि हे पुढे फार लागलं.

दुसरी हायब्रिड २०२० ची, ४८,००० किलोमीटर. चारी टायरवर शेवटचे आकडे १४२०, म्हणजे २०२० सालचा चौदावा आठवडा, गाडी ज्या सुमारास बनली तेव्हाचेच टायर, घासलेलेही तेवढेच. जर ४८,००० ला टायरचा दुसरा जोड दिसला असता तर मीटरवर शंका घेतली असती. सीट बेल्टच्या मुळाशी तारखेचं लेबल असतं, ती पण जुळली. काचांवर बारीक खुणा असतात त्यावरून मागच्या डाव्या दाराची काच नंतरची निघाली. अपघात? मालकाने शांतपणे फाईल काढली, दगड लागून काच फुटल्याचं बिल त्यात होतं. खरं सांगायचं तर त्या फाईलनेच मला अर्धं जिंकलं. प्रत्येक सर्व्हिसचं बिल, किलोमीटर लिहिलेलं, कुठे उडी नाही. सतरा अक्षरांचा चॅसिस नंबर टाकून रिकॉलही तपासला, काही बाकी नव्हतं.

मग डिकी. आम्ही व्हीलचेअर सोबत नेली होती आणि हे आम्ही सगळ्यात शहाणपणाचं केलं. डिकीचे लिटर भरपूर होते, पण चेअर तोंडातून आत जाईना, एक चाक अडलं. लिटर आतले मोजतात, तोंड कोणी मोजत नाही. याच बाबतीत काचेसकट उघडणाऱ्या गाड्या बाजी मारतात, स्कोडा सुपर्बची तिसऱ्या पिढीतली डिकी ६२५ लिटर आणि वरून तोंड एवढं मोठं की कपाट जाईल. शेवटी मुलाने चेअरच्या पाय ठेवायच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, आडवी केली, तेव्हा गेली. वीस सेकंद जास्त. मावशी मागे बसल्या, उठल्या, परत बसल्या, म्हणाल्या, ‘‘जमतंय. पण हे दार जरा अजून उघडलं असतं तर बरं झालं असतं.’’

जुन्या हायब्रिडांमध्ये मोठी बॅटरी मागच्या सीटच्या पाठीमागे असायची आणि डिकी खायची. ह्या गाडीत ती मागच्या सीटखाली होती आणि तिला थंड करणाऱ्या हवेची जाळी सीटच्या बाजूला. जाळीत बोट घातलं तर कुत्र्याच्या केसांचा नमदा हाताला लागला. मालकाकडे लॅब्रॅडॉर होता. जाळीच बंद झाली तर बॅटरी तापते, म्हणून तिथेच किमतीतून साफसफाईचे पैसे वळते करून घेतले.

निर्णय

ड्युअल क्लचवाली मनात शेवटपर्यंत होती, त्या डिकीपायी. पण तिच्या फाईलमध्ये ६०,००० चं तेल बदलल्याचा कागद नव्हता, विकणारा म्हणाला ‘केलंय, बिल सापडत नाहीये’. बिल नाही म्हणजे केलेलं नाही, असं आम्ही धरलं. हा अन्याय असेल, पण वापरलेली गाडी घेताना संशयाचा फायदा गाडीला द्यायचा नसतो. दुसरी हायब्रिड घेतली. बजेटमधले उरलेले दहा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवले, दादाला त्यातून नवीन म्युझिक सिस्टिम हवी होती, वहिनींनी ते पैसे स्वतःच्या खात्यात ठेवले.

पुढे काय झालं

पहिलं वर्ष नुसतं तेल आणि फिल्टर. आठव्या महिन्यात मागून पंख्याचा आवाज वाढला, जाळीत परत धूळ, साफ केली, गप्प झाला. अगदी आम्ही ठरवलं होतं तसं, सांगून.

दुसऱ्या वर्षी एका डायलिसिसच्या सकाळी दादाने बटण दाबलं आणि काही झालं नाही. डॅशबोर्ड एकदा लुकलुकला आणि अंधार. ‘रेडी’ चा दिवा आलाच नाही. ज्या मोठ्या बॅटरीची चिंता करत आम्ही दोन महिने घालवले ती ठणठणीत होती, आणि १२ व्होल्टची छोटी, जिच्याकडे कोणी ढुंकून बघितलं नाही, ती गेली होती. मूळची बॅटरी, गाडीएवढ्याच वयाची. अशा हायब्रिडमध्ये ती इंजिन फिरवत नाही, फक्त कॉम्प्युटर जागे करते, पुढचं काम मोठी बॅटरी करते. त्यामुळे साध्या गाडीत बॅटरी म्हातारी झाली की सकाळी स्टार्टर रडत रडत फिरतो आणि आपल्याला कळतं, तसलं इथे काहीच नाही. इतक्या हिशोबानंतर घेतलेल्या गाडीत न सांगता जाणारी वस्तू बसलेली होतीच, सगळ्यात स्वस्त वस्तू. मावशी त्या दिवशी शेजाऱ्यांच्या गाडीतून चाळीस मिनिटं उशिरा पोचल्या.

आता केलं असतं तर

घेताना मोठ्या बॅटरीचा रिपोर्ट मागितला तशी छोटीचीही लोड टेस्ट, म्हणजे भार देऊन ती टिकते का बघायची तपासणी, करायला पाहिजे होती, दोन मिनिटांचं काम आहे, आणि तीन वर्षांची दिसली तर न विचारता बदलून टाकायला हवी होती. ती पहिली गाडी आठवते का, ज्याचा मालक म्हणत होता नुकतीच बॅटरी बदलली? तो खरं बोलत असेल तर त्या बाबतीत तीच बरी होती. बिल मागितलं असतं तर प्रश्न तिथेच मिटला असता.

व्हीलचेअर आम्ही तिसऱ्या फेरीत नेली, पहिल्याच फेरीत न्यायला हवी होती, दोन शनिवार वाचले असते. ड्युअल क्लचवाल्याला सर्व्हिस सेंटरमधून रेकॉर्ड काढून आणायला चार दिवस द्यायला हरकत नव्हती असं मला अजूनही वाटतं, दादाला नाही वाटत.

बॅटरी बदलल्यावर दादाने लगेच जंप स्टार्टचा, म्हणजे बॅटरी गेली तर बाहेरून वीज देऊन गाडी सुरू करायचा, छोटा पॅक विकत घेतला आणि नीट गुंडाळून डिकीत ठेवला. संध्याकाळी वहिनींनी विचारलं, ‘‘ही डिकी उघडते कशावर?’’ बटणावर. बटण चालतं कशावर? दादा काही न बोलता उठला आणि पॅक ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवून आला. पुढचं दार चावीने उघडतं, बॉनेट केबलने उघडतं, आणि जंप करायचं टोक तिथे फ्यूजच्या डब्यात आहे.